मोरपंखी इंजिन

आमच्या घरात सकाळ कोंबड्यानं होत नसे, हँडलनं होत असे. घर अगदी काठावर, नांदेडच्या वरच्या अंगाला, धरणाचं पाणी जिथं पसरून थांबलं होतं तिथं. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तिच्या पाण्यावर आबांची नाव असे आणि नावेच्या मधोमध दोन सागवानी तुळयांवर बसवलेलं जुनं डिझेल इंजिन. आबा आधी आतली हवा मोकळी करणारा वरचा खटका उचलायचे, मग पुढच्या तोंडात वाकडं लोखंडी हँडल घालून तीन फेरे मारायचे आणि चौथ्याला खटका पाडायचे. इंजिन एकदा खोकायचं, दुसऱ्यांदा खोकायचं आणि मग धडधडायला लागायचं. तो आवाज आला की माय चुलीवर तवा ठेवायची, कारण पहिली खेप जाऊन येईस्तोवर तिच्या आठ भाकरी होत. एखाद्या दिवशी इंजिन लवकर लागलं नाही तर आम्हाला भाकरीही उशिरा मिळे. आता मी चौथ्या मजल्यावर राहते, शेजारच्यांच्या मिक्सरनं जाग येते, आणि डोळे उघडायच्या आत तोंडाला ज्वारीच्या भाकरीचं पाणी सुटतं. वय झालं तरी पोटाला ते कळलेलं नाही.

नाव ये-जा करायची ती आमच्या गावाहून पलीकडच्या सडकेला. दुधाच्या कॅना, मास्तर लोक, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, कधी शेळ्या, कधी माहेरी निघालेली एखादी रुसलेली सून, सगळं त्याच नावेतून. आबा जमिनीवर असले की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. पाण्यावर गेले की मात्र बोलायला लागायचे. कुणाच्या लेकीचं जमलं, कुणाची म्हैस आटली, सगळं त्यांना ठाऊक. माय म्हणायची, "तुज्या बापाशी बोलायचं आसल तर तिकीट काढून नावंत बसावं लागतंय." माझी आणि आबांची जी काही ओळख आहे ती सगळी पाण्यावरची.

मग एका सकाळी हँडल उलटलं. डिझेल इंजिनाचं हँडल कधी कधी उलटं झटका मारतं, त्या वेळी हात वेळेवर सुटला नाही तर मनगट राहत नाही. आबांचं राहिलं नाही. प्लास्टर निघालं, पण हात वाकडाच जुळला. जेवण्यापुरता होता, हँडलापुरता नव्हता. मी तेव्हा दहावीत होते आणि आडदांड होते. हात मोडल्यावर नावेशिवाय दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी मीच हँडल हातात घेतलं. पहिल्या दिवशी पंधरा वेळा मारलं तेव्हा लागलं. महिन्याभरात मला त्याची नस सापडली, अंगठा बाहेर ठेवायचा, चारी बोटांबरोबरच वळवायचा, म्हणजे उलटलं तरी सुटतं. बायका म्हणायच्या, गंगारामाची पोरगी बैलाच्या हातानं जन्मली. मला ते लई आवडायचं, खोटं कशाला सांगू. वर्षभर शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मी हँडल मारलं आणि दहावीलाही बरे मार्क मिळवले.

ते मार्कच नडले. शाळेतले सर आबांना म्हणाले, पोरीला लातूरला पाठवा, तिथं आता क्लास निघालेत, खेड्यातली पोरं डॉक्टर-इंजिनेर होऊन राहिलीत. आबा पुढच्या बाजारच्या दिवशी नांदेडहून खाजाचाचांना घेऊन आले. खाजाचाचांचं दुकान जुन्या मोंढ्याकडे होतं, ट्रकांचे आणि ट्रॅक्टरचे सेल्फ दुरुस्त करायचं. सेल्फ म्हणजे बटन दाबलं की इंजिनाला फिरवून चालू करणारी मोटर. जाड भिंगाचा चष्मा, बोटांत काळं तेल कायमचं मुरलेलं, आणि येताना पिशवीत न चुकता नानकटाई. त्यांनी आमच्या इंजिनाला एक जुना सेल्फ बसवला, मोठी बॅटरी फळकुटाखाली ठेवली, तारा ओढल्या आणि आबांना म्हणाले, "गंगारामभाऊ, आता अंगठा दाबायचा. बस." आबांनी डाव्या अंगठ्यानं बटन दाबलं आणि इंजिन एका दमात लागलं. गावानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याच महिन्यात मला लातूरला पाठवलं. माझ्या हाताची गरज संपली होती, हे मला तेव्हा टाळ्या वाजवताना कळलं नव्हतं.

लातूर तेव्हा नुकतं कुठं क्लासचं गाव होऊ लागलं होतं. ज्याच्या घराला एक जास्तीची खोली त्यानं दारावर पाटी लावली होती. सकाळी सहाच्या बॅचला सायकलींची अशी रांग लागायची की दूधवाल्याला वाट मिळत नसे. आम्ही एका खोलीत चार मुली होतो. मेसचं वरण इतकं पातळ की त्यात ताटाची नक्षी दिसायची. सर भरभर बोलायचे, आम्ही भरभर लिहायचो, आणि रात्री ते पाठ करायचो. माझ्या शेजारच्या खाटेवर औशाच्या पुढची मंगल असायची. ती झोपेत प्रश्नांची उत्तरं बडबडायची आणि ती बरोबर असायची. गणपती उठले त्या रात्रीच्या पहाटे जमीन हलली. आमच्या खोलीचं दार चौकटीत अडकलं. चौघींनी मिळून ओढलं तरी ते हलेना, शेवटी बाहेरून घरमालकानं खांदा मारून उघडलं. आम्हाला कुणालाच ओरखडाही आला नाही. पण मंगलचं गाव किल्लारीच्या बाजूचं. ती सकाळी मिळेल त्या वाहनानं गावाकडे गेली. तिचे आई-वडील गेले होते, धाकटा भाऊ तेवढा राहिला होता. त्याला सांभाळायला ती तिकडेच राहिली आणि खाटेवरची तिची वळकटी तशीच गुंडाळलेली राहिली. यापेक्षा जास्त मी त्याबद्दल लिहू शकत नाही, तो हक्क तिचा आहे.

आबा येऊन मला घरी घेऊन गेले. मी आठ दिवसांसाठी म्हणून गेले आणि महिनाभर राहिले. त्या महिन्यात सगळं गाव अंगणात झोपायचं, जेवणं अंगणात, भांडणंही अंगणात. तसं सांगायला बरं वाटत नाही, पण माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा महिना असेल. मायच्या हातचं मरळीचं तिखट कालवण, कारळाची चटणी, वर चांदणं, आणि कसलंच दार नाही. लातूरचे क्लास पुन्हा सुरू झाल्याचा निरोप आला. मी म्हटलं, दसरा होऊ द्या. दारांची भीती बसलीय हे मी कुणालाच सांगितलं नाही. बैलाच्या हाताच्या पोरीनं दाराला भ्यायचं म्हणजे काय.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या वर्षी मी ठरवलं की इंजिन नव्यानं रंगवायचं. मोरपंखी रंगाचा डबा आणला. दोन दिवस आधी नाव काठाला बांधून ठेवली, रॉकेलनं सगळं तेलकट धुऊन काढलं आणि रंगवायला बसले. मला कोणतंही काम अर्धवट करवत नाही, ही माझी जुनी खोड. इंजिनाच्या पायाशी एका बोल्टखाली जाड तार आवळलेली होती, ती ब्रशला आडवी येत होती. मी पाना घेतला, बोल्ट काढला, तार बाजूला केली, खाली झकास दोन हात दिले, तारेच्या टोकालाही रंग लावला, आणि सगळं वाळल्यावर बोल्ट पुन्हा घट्ट आवळला. बोल्टच्या डोक्यालाही एक हात दिला. आबा आले, बघून उभेच राहिले. मग काठावर जो येईल त्याला दाखवायला लागले. जमिनीवर उभं राहून आबा बोलले असा तो एक दिवस. नवमीला इंजिन, वल्ही, हँडल, पाने आणि माझी कंपासपेटी अशी पूजा झाली. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नसतं, म्हणून बटन कुणी दाबलं नाही.

दसऱ्याला सकाळी नावेला झेंडूच्या माळा, माणसं नवे कपडे घालून बसलेली. आबांनी अंगठा दाबला. इंजिन फिरलं नाही. आतून नुसतं 'टक' झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. नावेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी साडीचा पदर खोचला, हँडल काढलं आणि दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लावलं. एवढं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. संध्याकाळी सोनं वाटताना मी आबांना म्हणाले, "आता मी कशी जाऊ? हँडल कोण मारंल?" आबांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

खाजाचाचा आले. त्यांची एक पद्धत होती, पाना काढायच्या आधी मालकाला सगळी हकिगत विचारायची, डॉक्टरनं विचारावी तशी. कधी बंद पडला, आवाज कसा, आधी काय झालं. आबांनी सगळं सांगितलं, फक्त रंगाचं सांगितलं नाही. रंग लावणं ही काही घडलेली गोष्ट नव्हती, ते सणाचं होतं. चाचांनी इंजिनाकडं बघून "वा बेटा" म्हणून मला शाबासकी दिली ती वेगळीच. मग त्यांनी बॅटरी तपासली, टोकं घासली, पाना टेकवून सेल्फ थेट चालवून पाहिला. टक. सेल्फ खोलून नांदेडला नेला. दुकानात पकडीत धरून बॅटरी लावली तर भिंगरीसारखा फिरला. तरी आतले झिजणारे भाग, कार्बन आणि बुश, बदलले, आणून बसवला. टक. पुन्हा नेला. दुकानात फिरायचा, नावेत फिरायचा नाही. ट्रकवाले हसायला लागले असावेत, कारण चाचा दुसऱ्यांदा आले तेव्हा नानकटाई आणायला विसरले होते.

गावाकडे सल्ल्यांचा तुटवडा कधीच नसतो. कुणी म्हणालं, भूकंपानं जमिनीतली वीज हलली. कुणी म्हणालं, गंगेला यंत्राचा आवाज नको झालाय. एका म्हातारीनं मोरपंखी रंग पाण्याला चालत नाही असं सांगितलं, आणि सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. कारण चुकलं असेल, पण बोट तिनंच नेमकं ठेवलं होतं, हे आज तिची माफी मागून लिहिते.

तिसऱ्या खेपेला चाचांनी दिवा आणला, दोन तारा जोडलेला छोटा बल्ब. एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या अंगाला एका उघड्या बोल्टावर टेकवली. बल्ब लखलखीत पेटला. "अर्थिंग बराबर हाय," चाचा म्हणाले. अर्थिंग म्हणजे वीज बॅटरीत परत जायची वाट. ट्रकमध्ये सगळी चेसीसच लोखंडाची, वाट दहा जागांनी मिळते. आमची नाव लाकडी. तिथं वाट एकच, ती जाड तार. पण बल्ब पेटला म्हटल्यावर त्या तारेकडं बघायचं कारण उरलं नाही. आबा बटन दाबत होते, टक, टक, टक, आणि मी तोल सावरायला म्हणून इंजिनाच्या पायाशी हात टेकला. त्या बोल्टावर. चटका बसला.

लातूरच्या सरांनी जे भरभर लिहून दिलं होतं ते सगळं त्या चटक्यासरशी माझ्यापुढे उभं राहिलं. जिथं वाट अरुंद तिथं तार तापते. बल्बाला घोटभर वीज लागते, ती रंगाच्या फटीतूनही जाते. सेल्फला घागरभर लागते, ती जात नाही. सेल्फ चांगला होता. बॅटरी चांगली होती. मी रंग दिला होता. मी हात ओच्यात लपवला आणि गप्प बसले. चाचा तिसऱ्यांदा सेल्फ काढून घेऊन गेले.

पुढचे चार दिवस मी हँडल मारत राहिले आणि जेवण गोड लागेना. मायनं धपाटे केले, वर दही दिलं, मी अर्धाच खाल्ला. मी स्वतःला समजावत होते की बोटावरचा फोड हँडलाचाच आहे. बोलले तर सेल्फ चालणार, सेल्फ चालला तर लातूर, लातूर म्हणजे ती खोली, ते दार आणि मंगलची गुंडाळलेली वळकटी. न बोलले तर अंगण. एवढा सोपा हिशेब मी आयुष्यात दुसरा केला नाही आणि एवढा वाईटही नाही.

पाचव्या दिवशी चाचा सेल्फ घेऊन आले, बसवला, आबांनी बटन दाबलं. टक. चाचांनी पाने एकेक पुसून पिशवीत ठेवले, नाव सोडून काठावर दगडावर जाऊन बसले आणि चष्मा काढून हातात धरला. आबा त्यांच्याशेजारी बसले.

"गंगारामभाऊ, मला आता दिसंना झालंय," चाचा म्हणाले. "तीस साल हेच काम केलो. माझ्या हातचा सेल्फ परत आला न्हाई कधी. आता दुकान पोरांकडं देतो. दुसरा मिस्त्री बघा तुमी."

आबा म्हणाले, "दुसरा कशाला बघू? नावच काढतो पाण्यातनं. लई दिस झाले."

मला आजही सांगता येत नाही की दोघांपैकी कुणाच्या बोलण्यानं मी उठले. नावेत गेले, पाना घेतला, तो बोल्ट काढला आणि तार हातात धरून त्यांच्यापुढे उभी राहिले.

"चाचा, ही तार मी सोडली होती. खाली रंग दिलाय. वरून बी दिलाय."

चाचांनी चष्मा चढवला, तारेचं टोक डोळ्यांजवळ नेलं, नखानं रंग खरवडला. मग मला विचारलं, "कवा कळलं तुला?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच कळलं, म्हटलं असतं तर चाललं असतं. पण फोड आलेला हात मी पुढे केला. "त्या दिशी. दिवा लावला तवा हात भाजला."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. चाचांनी मात्र माझं बोट चष्म्याजवळ नेऊन फोड बघितला. ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली होती. ते हळूच म्हणाले, "म्हणजे माझे डोळे ठीक हायत." आणि त्यांनी पिशवीतनं पॉलिश कागद काढला.

बोल्टाखालची रुपयाएवढी जागा त्यांनी लोखंड चमकेस्तोवर घासली, तारेचं टोक घासलं, आवळलं. आबांनी डावा अंगठा ठेवला. इंजिन एका दमात लागलं, काठावरच्या बगळ्यांसकट सगळे दचकले. चाचा हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि मायनं त्यांना बळंच जेवायला बसवलं. जेवताना ते म्हणाले की बल्बावर विश्वास ठेवला ही चूक त्यांची, पोरीची नाही. मी त्यांना म्हणाले, चूक रंगाची नव्हती, चार दिवसांची होती. तेव्हा माझ्या ताटात त्यांनी आपल्या ताटातला माशाचा तुकडा ठेवला. त्यानंतर ते पंधरा वर्षं दुकानात बसले. कुणी नवा मिस्त्री हाताखाली आला की त्याला ही गोष्ट सांगायचे, आणि त्यात चुकणारे ते स्वतःच असायचे. माझे चार दिवस त्यांनी कुणालाही सांगितले नाहीत. पुढे मी पॉलिटेक्निकमध्ये वीज शिकवली, तेव्हा मुलांना बल्ब पेटला म्हणून खूश होऊ नका, असं पहिल्याच तासाला सांगत आले.

आबा मला काहीच म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी मी निघाले तेव्हा नावेत आम्ही दोघंच होतो. पाण्यावर ते बोलतील म्हणून मी वाट बघत होते. अर्ध्यावर गेल्यावर त्यांनी पायाखालून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या ट्रंकेवर ठेवलं. उचलून बघितलं तर हँडल.

"हे मी न्हेऊन काय करू?" मी म्हणाले.

"हितं ऱ्हायलं तर तू मारायला येत ऱ्हाशील," आबा म्हणाले. "आता घरात हँडलच न्हाई. सेल्फ बिघडला तर नाव थांबंल. तू थांबू नको."

एवढंच. पलीकडच्या काठाला त्यांनी ट्रंक एका हातानं उतरवली. एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, हे काय, तर मी अभ्यासाचं सामान म्हणून सांगितलं.

लातूरला पहिल्या रात्री दार लावायची वेळ आली. मी ते हँडल दाराच्या फटीत आडवं घातलं. दार मिटेना. उरलेल्या दोघी काही विचारतील असं वाटलं, पण त्यांतली एक म्हणाली, असंच राहू दे. मग वर्षभर तसंच राहिलं. डास यायचे, घरमालक ओरडायचा, आम्ही तिघी मात्र गाढ झोपायचो. मंगलच्या खाटेवर मी कुणाला पुस्तकं ठेवू दिली नाहीत.

परीक्षेच्या आधी आबा एकदा डब्यात कालवण घेऊन लातूरला आले. दाराशी चप्पल काढताना त्यांनी फटीत अडकवलेलं हँडल पाहिलं. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, दाराचं, त्या पहाटेचं, अंगणाचं, सगळं. जमिनीवर उभ्या असलेल्या आबांना मी एवढं पहिल्यांदाच सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग उकिडवे बसले, हँडल बाहेर काढलं, त्याचं वाकडं तोंड उलटं करून चौकटीच्या खाचेत घातलं आणि वाकड्या मनगटानं दोनदा हलवून पाहिलं.

"आसं लाव," ते म्हणाले. "निसटणार न्हाई."